गच्चीवरच्या मोठ्या एचेवेरिया : जून ते जानेवारीची नोंद

मंडळी, एचेवेरिया म्हणजे जाड, रसाळ पानं गुलाबासारखी गोल मांडलेली रोपं. माझ्याकडच्या तीन मोठ्या प्रकारांची यंदाची मापं आधी देते, बाकीचं मागून. रुंदी एका पानाच्या टोकापासून समोरच्या पानाच्या टोकापर्यंत, आणि नेहमी पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलेली. तहानलेलं रोप पानं आत मिटून घेतं आणि दोन-तीन सेंटिमीटर कमी भरतं, म्हणून कोरड्या कुंडीतलं माप मी धरत नाही.

गिबिफ्लोरा : जूनच्या सुरुवातीला ३१ सेंमी, सप्टेंबरअखेर २७, जानेवारीअखेर ३८.
आफ्टरग्लो : २२, मग २०, आता २९.
मौना लोआ : २६, मग २४. ऑक्टोबरअखेर डोकं, म्हणजे खोडावरचा पानांचा गुच्छ, कापलं, आता नव्या मुळांवर २२.

पावसाळ्यात तिघीही आटल्या आणि थंडीत दोघी जूनच्या पुढे गेल्या. खालची पानं सुकत जातात, मधून येणारी नवी पानं लहान येतात, म्हणून घेर, म्हणजे ही रुंदी, घटतो. दरवर्षी आपण याचा दोष पावसाला देतो. मला आता तसं वाटत नाही.

गिबिफ्लोराचं मूळ घर मेक्सिको. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला पेद्रेगाल दे सान आन्हेल नावाचा लाव्हाचा पट्टा आहे, शित्ले ज्वालामुखीतून वाहून थिजलेला. त्याचा एक भाग तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९८३ पासून राखीव ठेवला आहे आणि तिथे खडकांच्या फटींतून गिबिफ्लोरा आपली आपण वाढते. तिथला पाऊस जून ते ऑक्टोबर. वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या आसपासच. खडकही बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीसारखाच. महिने तेच, पाऊस जवळपास तेवढा, दगड त्याच जातीचा. फरक उंचीचा. पेद्रेगाल समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरवर, पुणे ५६०. तिथे भर पावसाळ्यातही रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. आपल्याकडे जुलैच्या रात्री २२-२३ अंशांच्या खाली जातच नाहीत, आणि हवेत दमटपणा भरलेला.

एचेवेरियाच्या कुळातल्या बऱ्याच वनस्पती रात्रीच श्वासरंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचं अन्न बनवतात. आपल्या परसातली पानफुटी याच कुळातली. तिचं पान सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव होतं, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतल्या बेंजामिन हाइनने भारतातच टिपलं आणि १८१५ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीने ते छापलं. रात्र गार असली की हा साठा चांगला होतो. रात्र उबदार असली की साठा कमी आणि श्वसनात खर्च जास्त. त्यात मुळं ओल्या, कोंदट मातीत असली की बुरशीला रान मोकळं. म्हणून माझं म्हणणं असं, की दख्खनमध्ये मोठा घेर हवा असेल तर तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मिळवायचा. उरलेले महिने रोप शाबूत ठेवण्याचे आहेत. त्या काळात वाढ मागू नये.

या पावसाळ्यात जे केलं ते याच विचाराने. वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा आधीपासून होता, तो तसाच ठेवला, पण बाजूंचं प्लास्टिक पूर्ण काढून टाकलं. पावसाचे चार शिंतोडे उडाले तर उडू देत, हवा खेळली पाहिजे. मांडणीच्या टोकाला एक टेबलफॅन लावला. वारा पडलेल्या रात्री तो मंद गतीवर पहाटेपर्यंत चालतो. दिवसापेक्षा रात्रीचा पंखा जास्त उपयोगी पडला, याची मला पुरेपूर खात्री आहे: आफ्टरग्लोच्या मधल्या कोंबावर दरवर्षी येणारे काळे ठिपके यंदा आलेच नाहीत. पाणी जुलै-ऑगस्टमध्ये अगदी कमी, पानं हाताला मऊ लागली तरच, तेही लांब तोटीच्या बाटलीने कुंडीच्या कडेने.

हातावरून आठवलं. पानावरची पांढुरकी भुकटी, आपण जिला फारिना म्हणतो, ती एकदा बोटाने पुसली गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. ती मेणाची असते, ऊन परतवते, पाण्याचा थेंब टिकू देत नाही. आफ्टरग्लोचं सगळं सौंदर्य तिच्यात. हे संकरित कॅलिफोर्नियातल्या डॉन वर्थ यांचं, कांते आणि शावियाना या एचेवेरियाच्या दोन जातींपासून केलेलं, आणि ही भुकटी कांतेची देणगी. मऊपणा तपासायचा तर सगळ्यात खालचं पान मागच्या बाजूने दाबायचं, वरची पानं सोडून द्यायची. कडुनिंबाचं तेलही या रोपांवर नको. भुकटी धुऊन जाते आणि पान तेलकट हिरवं दिसत राहतं.

माती : चाळलेला मुरूम चार भाग, पर्लाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) दोन, पालापाचोळ्याचं जुनं खत दोन, कोळशाचे बारीक तुकडे एक. मुरूम चाळणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. बारीक माती खाली बसून कुंडीचं भोक बुजवते. तीन ते सहा मिलिमीटरचे खडे ठेवायचे, धूळ गुलाबांना द्यायची. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी पूर्ण बंद केलं आहे. पावसाळ्यात ते पाणी सोडत नाही आणि उन्हाळ्यात पार सुकलं की पाणी घेत नाही. परदेशातून येणारी रोपं बहुतेक पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या मातीत, असतात. ते सगळं मुळांवरून झटकून मगच लावावं.

आता मौना लोआ. पानांवर फोड उठणाऱ्या या संकरितांसाठी कॅलिफोर्नियाचे डिक राइट प्रसिद्ध आहेत, आणि वय झालं की या जातीचं खोड उघडं पडून लांबतंच. माझ्या रोपाचं खोड वीतभर झालं होतं आणि डोक्याच्या भाराने कलू लागलं होतं. कोजागिरी उलटली, ऑक्टोबरचा उकाडा ओसरला, रात्री विसाच्या खाली आल्या, तेव्हा कापलं. सुरी पानांमधून घालण्यापेक्षा मासे धरायचा तंगूस उत्तम. दोन पानांच्या ओळींमधून खोडाभोवती वेढा घ्यायचा आणि दोन्ही टोकं ओढायची. एकाही पानाला धक्का लागत नाही. काप पूर्ण स्वच्छ, फिका हिरवा दिसला पाहिजे. मधे तपकिरी कडं दिसलं तर स्पिरिटने पुसलेल्या सुरीने आणखी वर कापत जायचं, ते कडं संपेपर्यंत. डोक्याखाली चार-पाच सेंटिमीटर खोड ठेवलं आणि रिकाम्या कुंडीच्या काठावर सावलीत बसवून दिलं. काप आठवड्याभरात सुकून टणक झाला, मग कोरड्या खड्यांवर ठेवलं. नोव्हेंबरअखेर गुलाबी मुळं दिसली, तेव्हा पहिलं पाणी.

खालच्या खुंटावर पाच पानं ठेवली होती. त्यांच्या बेचक्यांतून आता तीन पिल्लं निघाली आहेत, सगळ्यात मोठं रुपयाच्या नाण्याएवढं. ती चार सेंटिमीटरची होईपर्यंत तोडणार नाही.

गिबिफ्लोराने डिसेंबरात फुलांचा दांडा काढला. दांडा मीटरभर वाढू शकतो आणि त्या काळात घेर थांबतो, म्हणून वीतभर असतानाच कापला. ओढून काढू नका, खोडाला जखम होते. पाच सेंटिमीटर ठेवून कापा, उरलेला भाग सुकून आपोआप सुटतो. आणि दांडा फेकू तर नकाच! या मोठ्या जातींची खालची पानं पसरून ठेवली तर क्वचितच पिल्लू धरतात, पण दांड्यावरची छोटी पानं हलकेच मुरडून काढली तर बरीच रुजतात. माझा ट्रे भरला आहे, निम्म्याहून अधिक पानांना मुळांचे केस फुटलेत. दांड्यावर मावा होता, पाण्याच्या धारेने गेला. पिठ्या ढेकूण मात्र सुकलेल्या खालच्या पानांआड दडतो. मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना दिसली की ती पानं काढून बघा आणि ब्रशने स्पिरिट लावा.

थंडीतलं खाणं-पिणं : कुंडी उचलून हलकी लागली की भरपूर पाणी, साधारण आठवड्याने. दर दुसऱ्या पाण्यात एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला अर्धा ग्रॅम. ऊन सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत थेट. डिसेंबरअखेरीपासून खत बंद केलं आणि रात्री दहा-अकरा अंशांवर आल्या, तशी आफ्टरग्लोची कड जांभळी-गुलाबी झाली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास ही रोपं ऐन रंगात असतात, त्यामुळे प्रदर्शनात मांडायची असतील तर छाटणी ऑक्टोबरातच उरकायला हवी.

पुढचं काम उन्हाळ्याचं. मार्चच्या मध्यावर पन्नास टक्के ऊन अडवणारी सावलीची जाळी, कुंड्या तापणाऱ्या फरशीवरून उचलून विटांवर, आणि प्रत्येक प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत, मधे बोटभर फट ठेवून. पाणी रात्री आठनंतरच.

बेंगळुरू आणि बेळगावच्या मंडळींनी आपली जुलैची रात्रीची किमान तापमानं आणि रोपांची मापं जरूर कळवावीत. पाचगणीत कुणी छताखाली गिबिफ्लोरा ठेवली असेल तर त्यांचे आकडे मला सगळ्यात आधी हवे आहेत. तिथली उंची १,३०० मीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात तिथे घेर घटत नसेल तर रात्रीच्या गारव्याबद्दलचं माझं म्हणणं पक्कं होईल. घटत असेल तर दमटपणाकडे नव्याने बघावं लागेल. माझी पुढची मापं फेब्रुवारीअखेर.