ओखामंडळच्या खडकांवर: एका काळ्या न्यूडिब्रँकची ओळख

बडोद्याला समुद्र नाही. दांडिया बाजारात वाढलेल्या आम्हा मुलांना समुद्र भेटायचा तो कमाटीबागेतल्या संग्रहालयात, निळ्या देवमाशाच्या सांगाड्याजवळ मान वर करून उभे राहिल्यावर. मात्र द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हा सारा ओखामंडळचा मुलूख एके काळी बडोदे संस्थानातच होता, आणि सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९०५-०६ साली, जेम्स हॉर्नेल यांनी तेथील सागरी जीवांचे सर्वेक्षण केले. त्याचा अहवाल १९०९ साली निघाला, आणि हॉर्नेल यांनी गोळा केलेल्या न्यूडिब्रँकांवर, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायींवर, चार्ल्स एलियट यांनी लिहिले. एलियट हे पेशाने मुत्सद्दी, पण या प्राण्यांचे मोठे जाणकार. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या संस्थानाने या एवढ्याशा जीवांची दखल घेतली, याचा मला फार अभिमान वाटतो.

त्याच किनाऱ्यावर जाण्यासाठी मी आणि माझी भाची पौर्णिमेच्या आदल्या रात्री निघालो. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. मध्यरात्र उलटल्यावर वडोदरा स्थानकावर सौराष्ट्र मेल पकडली आणि दुसऱ्या दिवशी ओख्याला उतरलो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरती जशी मोठी येते, तसे ओहोटीला पाणीही खूप मागे सरते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. सकाळी उजाडताच आम्ही तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या खडकांवर पोचलो. काहीही उचलून न्यायचे नाही आणि उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच परत ठेवायचा, हे घरूनच ठरले होते. दगडाच्या खालच्या बाजूला चिकटलेले स्पंज आणि अंडी उन्हात राहिली तर मरतात, म्हणून हा नियम मला फोटोपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्याच दगडाखाली बोटाच्या पेराएवढा एक काळा, मऊ, कडेला झालर असलेला प्राणी दिसला. पहिली शंका चपट्या कृमीची. अशाच झालरीचे रंगीत चपटे कृमी या खडकांत असतात आणि भल्याभल्यांना चकवतात. परंतु कृमीच्या डोक्यावर शिंगांसारखे जे दिसते ती त्याच्या कडेचीच घडी असते आणि पाठीवर कल्ले नसतात. याच्या डोक्यावर मात्र दोन स्वतंत्र र्‍हायनोफोर, म्हणजे गंध घेणारी शिंगे, स्पष्ट दिसत होती.

"मामा, हा डेन्ड्रोडोरिस नायग्रा. काळा आहे, शिंगांची टोकं पांढरी आहेत," भाची म्हणाली.

"रंगावर जाऊ नकोस. कल्ले उघडेपर्यंत थांब."

मी हे ठामपणे सांगू शकलो, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका फोटोला केवळ रंगावरून नाव दिले होते आणि ते चुकले होते. डेन्ड्रोडोरिस नायग्रा आणि डेन्ड्रोडोरिस फ्युमाटा या न्यूडिब्रँकांच्या दोन जाती दीर्घकाळ एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत. फ्युमाटा काळी असते, राखाडी असते आणि चक्क नारिंगीही असते, त्यामुळे काळा रंग काहीच सिद्ध करत नाही. स्पिरिटमध्ये ठेवलेल्या नमुन्यांत तर रंग उडून पांढुरका गोळा उरतो. इतर बहुतेक न्यूडिब्रँकांच्या बाबतीत अशा वेळी रेड्युला, म्हणजे तोंडातली दातांची पट्टी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निर्णय करता येतो, परंतु डेन्ड्रोडोरिसला रेड्युलाच नसते; ती स्पंज खरवडत नाही, पाचकरसाने मऊ करून शोषून घेते. नेहमीचा हुकमी पुरावाच येथे उपलब्ध नसतो.

उरतात ते कल्ले. पाठीच्या मागच्या टोकाशी त्यांचा तुरा असतो आणि जरा धक्का लागला की तो आत ओढला जातो. दगड उलटताना आमचा प्राणी बिथरला होता. आम्ही तो दगड उथळ डबक्यात टेकवला, अंगाची सावली बाजूला घेतली आणि गुडघे मोडून बसलो. सात-आठ मिनिटांनी पाठीवर एक बारीक भोक दिसू लागले, मग त्यातून एक फांदी, मग दुसरी. पाण्यात त्या पिसासारख्या पसरल्या. भाचीने मोजल्या: पाच, आणि एकेक इतकी मोठी की तिचे टोक प्रावाराच्या, म्हणजे पाठीवरच्या मऊ आवरणाच्या, कडेजवळ पोचत होते. नायग्राचे कल्ले याउलट लहान, संख्येने जास्त आणि आटोपशीर वर्तुळात बसलेले असतात. हा फ्युमाटा होता. भाची काही बोलली नाही. तिने फक्त कॅमेऱ्याचा कोन बदलून तुऱ्याचे आणखी चार फोटो घेतले, मग शिंगांचे, आणि शेवटी जवळच्या स्पंजाचे.

रंगाचा हा चकवा एकट्या डेन्ड्रोडोरिसचा नाही. २०१८ साली क्रोमोडोरिस या न्यूडिब्रँकांच्या प्रजातीवर, म्हणजे जवळच्या जातींच्या गटावर, झालेल्या जनुकीय अभ्यासात एकाच जातीत वेगवेगळे रंगनमुने आणि वेगवेगळ्या जातींत एकच नमुना आढळला. तेव्हापासून तर माझी खात्रीच झाली आहे की वरून काढलेला एकच सुंदर फोटो ओळखीसाठी पुरेसा नसतो.

पाणी चढू लागले तेव्हा कपारीत एक नारिंगी प्राणी सापडला, आकार तोच, झालर तशीच. आम्ही पुन्हा बसलो. लाटा घोट्यापर्यंत आल्या तरी त्याने तुरा बाहेर काढला नाही, आणि अधिक थांबणे धोक्याचे होते. परतीच्या गाडीत भाचीने वहीत दोन नोंदी केल्या. पहिलीपुढे जातीचे नाव लिहिले. दुसरीपुढे 'डेन्ड्रोडोरिस' एवढेच लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आणि कंसात 'कल्ले दिसले नाहीत' अशी टीप घातली.