कोरियन जेवणाला कोणाबरोबर जावे

मुंबईत बाहेर जेवायला जाताना आपण बहुधा आधी हॉटेल ठरवतो आणि मग कोण कोण येणार याची विचारपूस करतो. कोरियन जेवणासाठी हा क्रम उलटा करावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. प्रत्येकासमोर आपापली बशी यावी आणि प्रत्येकाने आपापले संपवावे, अशी त्या जेवणाची रचनाच नसते. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्याभोवती लहान लहान वाट्या, एखाद्या काळ्या भांड्यात रटरटणारा रस्सा, आणि या सगळ्यावर सर्वांचा सारखा हक्क. त्यामुळे सोबतची माणसे चुकली, तर उत्तम हॉटेलातही जेवणाचा विचका होतो. खुद्द कोरियात शेगडीवरचे मांस मागवायचे तर बऱ्याच ठिकाणी किमान दोन माणसांचे मागवावे लागते, यावरूनच काय ते समजावे.

आमचा गट चौघांचा आहे आणि माझ्या मते हीच योग्य संख्या आहे. एक कोल्हापूरकर, एक वसईचा मित्र, ठाण्याची एक शुद्ध शाकाहारी मैत्रीण आणि मी. वांद्रे, अंधेरी, पवई, वरळी अशा भागांत कोरियन जेवण मिळते आणि आम्ही आलटून पालटून तिकडे जातो. आता कोरियन मालिकांमुळे अशा हॉटेलांत तरुण मुलामुलींची गर्दी असते, पण या देशात कोरियन स्वयंपाकघरे आली ती बरीचशी कारखान्यांच्या मागोमाग. चेन्नईजवळ ह्युंदाई, पुण्याजवळ रांजणगावला एलजी, रायगड जिल्ह्यात विळे-भागाडला पोस्को, अशा कंपन्यांबरोबर कोरियन अभियंते आले आणि त्यांना घरचे जेवण हवे होते. एखाद्या टेबलावर असे चार-पाच कोरियन साहेब मुकाट्याने जेवताना दिसले, की आमची शाकाहारी मैत्रीण म्हणते, “चला, आज किमची चांगली असणार.” तिचा अंदाज सहसा खरा ठरतो, जरी ती आंबवलेल्या कोबीची किमची तिला स्वतःला चालतेच असे नाही.

सुरुवात बान्चानने होते. पाण्याचे पेले टेबलावर येतात न येतात तोच छोट्या वाट्या येऊन बसतात: किमची, तिळाचे तेल लावलेला पालक, सोयाबीनचे मोड, पिवळा आंबटगोड मुळा, कधी परतलेले बटाटे, कधी छोटी सुकी मासळी. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्या ताटाची डावी बाजू हेच काम करते. फरक एवढाच, की आपली डावी बाजू ज्याची त्याला वेगळी वाढलेली असते आणि इथे एकाच डावीवर चौघांनी जेवायचे असते. संपलेली वाटी पुन्हा भरून आणून देण्याची कोरियात रीत आहे आणि तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. मुंबईत काही ठिकाणी ही रीत जशीच्या तशी पाळतात, काही ठिकाणी हात आखडता घेतात, म्हणून आधी विचारून घेतलेले बरे. विचारण्यात संकोच वाटतो खरा. फुकटचे मागतो आहोत, असे आपल्याला उगीचच वाटत राहते.

मग येतो तो उष्ट्याचा प्रश्न. द्वेनजांग जिगे (आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा) किंवा सुंदुबू जिगे (मऊ टोफूचा रस्सा) मागवले, की ते एकाच भांड्यात उकळत येते आणि घरगुती पद्धतीत सगळे जण आपापला चमचा त्यातच बुडवतात. भात प्रत्येकाचा वेगळा, पातळ सूपही वेगळे, पण जिगे मात्र मधले. ज्यांच्या घरी खरकटा हात भाताच्या भांड्याला लागला तरी आजीची नजर कडक व्हायची, त्यांना हे सहजासहजी पचत नाही. कोल्हापूरकर पहिल्यापासून बिनधास्त होता; मी वेटरकडून वाटी आणि डाव मागून घेतला आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. करोनाच्या साथीत कोरियातही लोकांनी वेगळे वाढून घ्यावे असे सरकारी पातळीवरून सांगितले गेले होते, तेव्हा वाटी मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. तरीही नव्या ओळखीच्या माणसाला किंवा ऑफिसातल्या वरिष्ठांना पहिल्याच भेटीत अशा टेबलावर नेऊ नये, हे माझे मत कायम आहे.

शेगडीवरचे मांस हा या जेवणातला सर्वांत देखणा भाग. समग्योपसाल म्हणजे डुकराच्या पोटाकडचे, चरबीचे पदर असलेले मांस. त्याला मसाला लावलेला नसतो. वाढणारी बाई चिमट्याने लांब पट्टी उचलते, तापलेल्या जाळीवर आडवी ठेवते आणि मग बराच वेळ काहीच करत नाही. आपला हात शिवशिवतो, पण ती ढवळाढवळ करू देत नाही. एक बाजू सोनेरी झाली की एकदाच उलटते, आणि मग कात्री काढून जाळीवरच तिचे घासाएवढे तुकडे करते. स्वयंपाकघरातली कात्री आपल्याकडे दुधाच्या पिशव्या कापण्यापलीकडे फारशी वापरात नाही. इथे ती सुरीचे सगळे काम करते. शेजारीच लसणाच्या चकत्या भाजत ठेवलेल्या असतात. लेट्यूसचे पान तळहातावर घ्यायचे, त्यावर तुकडा, थोडे सामजांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची तिखटसर चटणी, लसणाची चकती, हिरव्या मिरचीचा काप, हवा तर किंचित भात, आणि पुरचुंडी करून ती अख्खी तोंडात टाकायची. दोन घासांत खाणे शिष्टसंमत नाही आणि शक्यही नाही, कारण अर्धी पुरचुंडी हातातच सुटते. घास तोंडात असताना बोलता येत नाही, म्हणून या टप्प्यावर आमच्याकडे आपोआप शांतता पसरते. वसईच्या मित्राच्या घरी डुकराचे मांस नवे नाही, त्यामुळे कोणता तुकडा आणखी थोडा भाजावा, यावर त्याचा शब्द अखेरचा असतो.

गोमांसाच्या बाबतीत मुंबईचे गणित वेगळे आहे. बुलगोगी (मुरवून भाजलेले पातळ काप) आणि गाल्बी (बरगड्यांचे मांस) हे मूळचे गोमांसाचे पदार्थ. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे बुलगोगी कशाची आहे हे विचारून घ्यावे. ती चिकनची, डुकराची किंवा म्हशीच्या मांसाची असू शकते. सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचे तेल आणि किसलेले नासपती यांत मुरवलेले चिकनही झकास लागते, मात्र त्याची चव मुळाबरहुकूम आहे असा आव कोणी आणू नये.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा मांसाच्या तुकड्यांपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टींत असते. पारंपरिक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो. टोफूचे म्हणून मागवलेल्या जिगेचे पाणी बहुधा सुक्या मासळीचे आणि समुद्री शेवाळाचे असते. “यात मांस नाही ना?” असे विचारले, तर वेटर अगदी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो, कारण मासळीला तो मांसात धरत नाही. म्हणून आमची मैत्रीण प्रश्न फोडून विचारते: मासा आहे का, कोळंबी आहे का, सूप कशाचे केले आहे, अंडे वगळता येईल का. मुंबईत शाकाहारी किमची वेगळी करून ठेवणारी हॉटेले आहेत, आणि अंड्याशिवाय बिबिंबाप (भाज्या घालून कालवलेला भात), रताळ्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवयांचे जाप्चे, परतलेला टोफू एवढ्यात तिचे जेवण नीट होते. कोरियातल्या बौद्ध मठांत मांस-मासळी तर सोडाच, कांदा-लसूणही वर्ज्य असलेला फार मोठा स्वयंपाक शतकानुशतके चालत आला आहे. चातुर्मास पाळणाऱ्या या शहरात कोणी तो मांडला, तर रांगा लागतील, अशी माझी खात्री आहे.

तिखटाबद्दल आमच्याकडे दर वेळी वाद होतो. गोचुजांगचा, म्हणजे आंबवलेल्या मिरचीच्या चटणीचा, लालभडक रंग पाहून नवखा माणूस घाबरतो आणि कोल्हापूरकर तिच्यात शिजवलेल्या तांदळाच्या वड्यांचा, म्हणजे तोकबोक्कीचा, पहिला तुकडा खाऊन म्हणतो, “अरे, हे तर गोड आहे!” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. त्या तिखटात आंबवलेल्या सोयाबीनची खोली आणि तांदळाचा गोडवा असतो, आणि ते जिभेवर हळूहळू चढते. मिरची त्यांचीही मूळची नाही. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली आणि साधारण त्याच शतकाच्या अखेरीस ती कोरियात पोचली असे मानतात. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात ती जपानकडून आल्याची नोंद सापडते. म्हणजे त्याआधीची किमची लाल नव्हती. हे ऐकून कोल्हापूरकराने त्याआधीच्या कोल्हापूरबद्दल बोलायला साफ नकार दिला.

भातासाठी मी दगडी भांड्यातला बिबिंबाप सुचवीन. तो आल्या आल्या सगळे कालवून टाकण्याचा मोह आवरावा. भांडे इतके तापलेले असते, की तिळाचे तेल लावलेल्या तळाशी भात तडतडत असतो. त्याला मिनिटभर तसाच राहू दिला, तर चांगली कुरकुरीत खरवड धरते. मग लांब दांड्याच्या चमच्याने वरचे सगळे कालवावे आणि खरवड शेवटी खरवडून काढावी. भात चमच्याने खायचा असतो, तेव्हा धातूच्या चपट्या, निसरड्या काड्यांशी भातासाठी झटापट करण्याचे कारण नाही. त्या काड्या भातात उभ्या मात्र खोचू नयेत. पितरांच्या विधीत भातात चमचा तसा उभा खोचतात.

सोजू ही कोरियन दारू पिणाऱ्यांसाठीही रीतीभाती आहेत. आपला पेला आपण भरायचा नाही, मोठ्यांना ओतताना दोन्ही हात लावायचे, आणि त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचे. महाराष्ट्रात मद्याला वयाची अट आहे आणि आयात बाटलीवरचा कर जबर आहे, म्हणून पिणाऱ्या तिघांत एक हिरवी बाटली पुरे होते. वसईचा मित्र आमच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा आहे. ही रीत कळल्यापासून तो मुद्दाम शेवटी येतो आणि आम्ही उठून उभे राहावे, अशी अपेक्षा ठेवतो.

राहता राहिले बिल. कोरियात जुन्या पद्धतीने एक जण सगळ्यांचे पैसे देतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या फेरीचे दुसरा देतो. आम्हाला ते जमत नाही, कारण ठाण्याच्या गाडीच्या वेळेमुळे दुसरी फेरी होतच नाही. म्हणून मांस आणि सोजू यांचे पैसे तिघांत, उरलेले चौघांत, असा हिशेब आम्ही ठरवून टाकला आहे. त्यावर कोल्हापूरकराची एक हरकत अजून शिल्लक आहे. त्याच्या मते पालकाच्या सगळ्या वाट्या शाकाहारी मैत्रीण एकटीच संपवते. त्या फुकट असल्या, तरी हिशेबात धरल्या जाव्यात, अशी त्याची मागणी आहे.