गॅदरिंग आणि पेठेतले नाद

डिसेंबर लागला की कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या शाळेत गॅदरिंगची गडबड सुरू व्हायची. गॅदरिंग नावालाच पोरांचं, लोटायची सगळी पेठ. पहिला दिवस खेळांचा, दुसरा प्रदर्शनाचा, तिसरा नाटकाचा. फिशपाँड आणि बक्षीस समारंभावर लिहीत बसत नाही, ते सगळीकडे सारखंच. खरी मजा आदल्या आठवड्यात, मागच्या शेडमध्ये.

तिथं शाळेचे शिपाईमामा नाटकाचे पडदे रंगवायचे. त्यांचे वडील नाटक कंपनीत रंग कालवायला होते, तो हात मामांकडे आला. मांजरपाट ताणून बांधायचा, स्टोव्हवर डब्यात सरस, म्हणजे हाडाकातड्याचा डिंक, वितळवायचा आणि त्यात गेरू, पिवडी, नीळ. वास असा की दुपारचा डबा घशाखाली उतरत नसे. हा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणून मामा आधी वहीच्या कागदावर बोटभर रंग ओढून तो स्टोव्हजवळ धरायचे आणि मगच राजवाड्याच्या खांबाला हात लावायचे. सरस ढवळायला आमची भांडणं व्हायची. पोरींचं हे काम नाही, असं कोणी म्हणालं की वर्गातली एक पोरगी उसळायची, "मी पण रंगवतो की! बघू कोण अडवतंय."

मामांच्या पोराला मात्र पडद्यांत काडीचा रस नव्हता. तो शेडच्या भिंतीवर चेंडू बडवायचा. मामा वैतागायचे, पण पोराचा तरी काय दोष? पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं तालमींची, आणि मैदानात उतरतात ते फुटबॉलचे संघ. कित्येक घरांत आजा लाल मातीत घुमला, बापानं खासबागेत बसून कुस्त्या बघितल्या आणि नातू शाहू स्टेडियमवर घसा फोडतोय. ईर्षा तीच, फक्त शड्डूची शिट्टी झाली.

मला तर वाटतं, नाद बापाकडून पोराकडे सरळ क्वचितच येतो. शेजारून येतो, नाहीतर वाटेत रूप पालटून येतो. बाबूराव पेंटरांचंच घ्या. मेस्त्री घराणं, हातात कारागिरी. बाबूराव आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. पडद्यावरून दोघांचं मन सिनेमाकडे गेलं. आनंदराव १९१६ मध्ये वारले, पण बाबूरावांनी कॅमेरा इथंच कोल्हापुरात तयार केला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा सिनेमा पडद्यावर आला. घरात बसून बापाचंच काम पुढे ओढलं असतं तर हे व्हायचं नव्हतं.

सरस ढवळणारी ती पोरगी पुढे चित्रकला शिकली, दुकानांच्या पाट्या रंगवू लागली. मग फ्लेक्स आले आणि ब्रश थांबला. आता ती कॉम्प्युटरवर पत्रिका करते. तिचा पोरगा मोबाईलवर कार्टून हलवतो आणि सावलीला कुठला रंग घेऊ ते तिला विचारतो. ती काळा कधीच सांगत नाही. मामाही काळ्याला हात लावू द्यायचे नाहीत, निळीत गेरू मिसळायला लावायचे.

हल्ली माजी विद्यार्थ्यांचं गॅदरिंग भरतं. शाळेत पीटीच्या तासाला दांडी मारणारे आता जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालतात आणि पायांचे फोड कौतुकानं दाखवतात. (बायकोला दाखवत नाहीत, ती पुढच्या वर्षी सोडणार नाही.) पण यंदाची बातमी आमच्या हिंदीच्या बाईंची. सत्तरी उलटल्यावर त्यांनी हार्मोनियम शिकायला घेतली आहे. शिकवायला गल्लीतलाच कॉलेजचा पोरगा, त्याला त्या "सर" म्हणतात आणि तो लाजून मरतो. शेजाऱ्यांची कुरकुर चालू आहे. बाईंनी कार्यक्रमात नाव दिलंय, तेही पहिल्याच नंबराला, कारण उशीर झाला की लोक जेवायला उठतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.