पट्टा आणि मनगट

सातारा, १४ जुलै

सकाळपासून पाऊस. अशा दमट हवेत स्प्रेचा प्रायमर पांढुरका पडतो, त्यामुळे रंगाला हात लावला नाही. पट्टेकरी, म्हणजे दांडपट्टा चालवणाऱ्या, मावळ्याच्या मॉडेल किटचे भाग धुऊन नुसते जुळवून पाहिले. ७५ मिलिमीटरची मूर्ती, करडं पॉलियुरेथेन रेझिन, अकरा भाग. जुळवल्यावर मन खट्टू झालं.

कास्टिंगचे दोष आहेतच. मुंडाशाच्या पेचांखाली टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे आहेत. रेझिन घट्ट करणारा हार्डनर हवेतला ओलावा धरतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि साच्यात अडकतो. प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे दाबाखालच्या बंद भांड्यात, ओतलं असतं तर ते दबून गेले असते. डाव्या पोटरीवर साच्याचे दोन अर्धे सरकलेत, अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली आहे.

हे सगळं निस्तरता येतं. बुडबुड्यावर पुट्टी नुसती फासली तर आत हवा राहते आणि घासताना भोक पुन्हा उघडं पडतं, म्हणून आधी ०.५ मिलिमीटरच्या ड्रिलने तोंड मोठं करायचं. पोटरीला इपॉक्सी पुट्टी, दोन्ही भाग समसमान, आणि दुसऱ्या दिवशी ४००, मग ८०० चा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून. कोरडं घासायचं नाही, रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट.

खरं दुःख पट्ट्याचं आहे. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपराच्या दिशेने चढणारा लोखंडी खोबळा. आतली आडवी दांडी मुठीत धरायची आणि पंजा पूर्ण झाकलेला. म्हणून मनगट वळतच नाही, वार खांद्यातून आणि कोपरातून फिरतो. मर्दानी खेळ एकदा नीट पाहिला तरी हे कळतं. इथे मात्र तलवारीसारखी उघडी मूठ आहे, पाचही बोटं दिसतात, आणि मनगट झोकात वाकवलेलं. २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळालेलं हत्यार, आणि खोक्यावरही नाव 'दांडपट्टा'च छापलंय!

पातंही जाड, जवळपास एक मिलिमीटर. १:२४ च्या मापात म्हणजे खऱ्या पट्ट्याला अडीच सेंटिमीटर जाडीचं पातं. लवचीकपणा हाच ज्याचा प्राण, ते पातं पहारीसारखं दिसतंय. रेझिन याहून फार पातळ ओतलं तर मोडतं हे मान्य, पण मग खोक्यात पितळी पत्र्याची पट्टी द्यायला हवी होती.

नुसता पंजा बदलून भागणार नाही, कारण कोपराचा कोनही त्या वाकलेल्या मनगटाला धरूनच घडवलाय. उजवा हात खांद्यापासून कापावा लागेल. कोपरात १ मिलिमीटरची पितळी तार घालून हात सरळ करायचा, खोबळा पुट्टीचा, पातं ०.२ मिलिमीटरच्या पितळी पत्र्याचं, ४२ मिलिमीटर लांब. पत्रा कात्रीने कापला तर कडा मुरडतात. मोजपट्टीला धरून सुरीने आठ-दहा वेळा रेघ ओढायची आणि मग अलगद मोडायचा. बाहीच्या चुण्या पुन्हा कोराव्या लागतील. त्या मूळ शिल्पात फार सुंदर आहेत, म्हणून कापायला हात धजत नाही.