काकांची टॅली, पिवळी डिस्क आणि क्लोनिंगचं सॉफ्टवेअर

सदाशिव पेठेतल्या आमच्या एका काकांचं टॅक्सचं काम आहे, त्यांचा फोन सोमवारी सकाळी. "अरे, कॉम्प्युटर चालू व्हायला वीस मिनिटं घेतोय, मी तोपर्यंत चहा पिऊन येतो." खालच्या दुकानदाराने म्हणे फॉरमॅट मारू, म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकू, असं सांगितलं होतं. म्हटलं काका, हात लावू देऊ नका, एसएसडी म्हणजे नवी वेगवान डिस्क टाकू, जुनीचा सगळा मजकूर जसाच्या तसा तिच्यावर उतरवून क्लोन करतो, दोन तासाचं काम आहे. हे दोन तास पुढे चार दिवस चालले.

तसं हे काम मी कॉलेजपासून करतोय. तेव्हा लॅबमध्ये नॉर्टन घोस्ट असायचं, एक मशीन नीट लावायचं, त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, काढायची आणि बाकीच्यांवर मारत सुटायचं. ते २०१३ मध्ये बंद झालं. मग मी सगळ्यांना मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती सांगायचो, विंडोज चालू असतानाच क्लोन व्हायचं आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, लहान-मोठं करायची सोयही तिथेच, पण कंपनीने १ जानेवारी २०२४ पासून तीही गुंडाळली, आता पैसे भरा. काही एसएसडीबरोबर कंपनीचं स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर येतं, ते बरं असतं, फक्त त्यांचीच ड्राइव्ह जोडलेली असेल तरच चालतं. त्यामुळे हल्ली माझ्या पेनड्राईव्हवर क्लोनझिला असतं. दिसायला निळ्या स्क्रीनचं जुनाट प्रकरण, पण फुकट आणि फास्ट, कारण ते डिस्कचा भरलेला भागच कॉपी करतं. ज्यांना त्या निळ्या स्क्रीनची भीती वाटते त्यांनी रेस्क्यूझिला घ्यावं, तेच काम माउसने होतं.

मी आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं, एवढं तरी शहाणपण केलं. पिवळा रंग, कॉशन. करंट पेंडिंग सेक्टर काउंटपुढे शून्यांची रांग आणि शेवटी ४८. हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत, असतो बरं का, म्हणजे खरे ७२. डिस्कवरचे इतके छोटे तुकडे, म्हणजे सेक्टर, डिस्कला धड वाचताच येत नाहीयेत. हे बघूनसुद्धा मी म्हटलं, क्लोनझिला भरलेलंच वाचतं, म्हणजे डिस्कला त्रास कमी, आणि मंगळवारी रात्री सरळ लावून झोपलो. इथे चुकलो.

सकाळी बघतो तर रीड एरर देऊन बसलंय, आणि पेंडिंग सेक्टर ७२ चे १०८ झालेले. क्लोनझिलात एरर आली तरी पुढे जायचा रेस्क्यू पर्याय आहे, पण कुठले सेक्टर सुटले, परत कुठे प्रयत्न करायचा, याचा धड हिशोब ते ठेवत नाही. डिस्क ठणठणीत असेल तर कुठलंही टूल घ्या, फरक फक्त सोयीचा. आचके देत असेल तर मेनू, स्पीड, कॉम्प्रेशन सगळं विसरा, हिशोब ठेवणारं टूल पाहिजे, ते म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं की तो भाग सोडून पुढे जातं, आणि मागे राहिलेल्या चिवट भागाकडे नंतर वळतं. कुठे काय झालं हे मॅपफाइल नावाच्या नोंदवहीत लिहीत जातं. आणि हो, अशा डिस्कवर आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, मारू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहायला लागतं.

डिस्क घरी आणली, यूएसबी वगैरे नाही, कॉम्प्युटरच्या आतल्या साटा केबलने सरळ जोडली. थेट क्लोन न करता १ टीबीच्या दुसऱ्या डिस्कवर इमेज काढायची ठरवली, म्हणजे पुढे काही बिघडलं तर परत मूळ डिस्कला पिळायला नको. कमांड देण्याआधी कुठली एसडीए आणि कुठली एसडीबी (लिनक्स डिस्कना देतं ती नावं) हे डिस्कवरच्या स्टिकरचा सिरियल नंबर टॉर्च मारून बघून दोनदा जुळवलं, उलटं झालं तर कोरी डिस्क काकांच्या डेटावर चढते.

बुधवारी रात्री सुरू केलं. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास ८३ टक्के, आणि लाईट गेली. पुण्यात राहून गुरुवार, लाईट जायचा वार, विसरलो! यूपीएसची बॅटरी महिन्यापूर्वीच मेलेली. दुसरं कुठलं टूल असतं तर रडलो असतो. दुपारी लाईट आल्यावर तीच कमांड, तीच मॅपफाइल, पठ्ठ्याने जिथे सोडलं होतं तिथून उचललं. मग चिवट भागावर तीनदा प्रयत्न करायला लावले, शेवटी ३६ केबी राहिले ते राहिलेच.

आता एसएसडी. काकांनी तपकीर गल्लीतून आधीच आणून ठेवली होती, ४८० जीबीची, स्वस्त मिळाली म्हणून खूष. जुनी डिस्क ५०० ची. भरलेलं जेमतेम १४० जीबी, पण सेक्टर टू सेक्टर इमेज आहे, ती अख्खी ५०० ची, ती ४८० मध्ये कशी बसणार? पार्टिशन आकसून बसवता येतं, पण इतकं झाल्यावर माझ्यात तो उत्साह नव्हता. वरचे पैसे देऊन ५०० ची बदलून आणली, सेक्टर बरोबर तेवढेच, इमेज चढवली. पहिल्यांदा बूट करताना जुनी डिस्क काढून ठेवली, दोघींची सही, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, एकच असल्याने विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं. चेकडिस्क इथे मारली, नव्या एसएसडीवर. टॅली, म्हणजे काकांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, उघडली, सगळ्या कंपन्या दिसल्या, एका बिलाचा स्कॅन तेवढा उघडेना.

"वीस मिनिटांचं काय झालं?" काकांनी विचारलं. वीस सेकंद झाले होते. "मग आता चहा कधी पिऊ?"

जुन्या डिस्कवर मी मार्करने मोठ्ठं 'खराब' लिहून दिलंय, तरी निघताना काकू विचारत होत्या, सीसीटीव्हीला चालेल का ती?