सप्टेंबर की जानेवारी

रविवार, 21 सप्टेंबर 2025. लातूर.

सर्वपित्रीसाठी घरी आलोय. जेवायला बसलो आणि आईनं सांगून टाकलं, "फॉर्म-बिर्म भरायचा तर घट बसल्यावर भर. पितरपाठात नको." परदेशातल्या एमबीएच्या पहिल्या फेरीची मुदत नेमकी याच दिवसांत असते. नावाजलेल्या काही कॉलेजांची तर गणपती उठायच्या आधीच संपली. माझ्या यादीतल्या दोन ठिकाणी मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सवड आहे, म्हणजे आईच्या मुहूर्तात बसतं. माझ्या मुहूर्तात बसतं का, ते ठरत नाहीये.

अमेरिकेतलं वेळापत्रक साधारण असं: पहिली फेरी सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, निकाल डिसेंबरात. दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर. तिसरी मार्च-एप्रिलात, पण तोवर जागा आणि शिष्यवृत्त्या बहुतेक वाटून झालेल्या असतात आणि आपल्याला व्हिसाही काढायचा असतो, तेव्हा तिचं नाव घेण्यात अर्थ नाही.

ज्याला विचारावं तो म्हणतो पहिल्या फेरीतच टाक. एका कन्सल्टंटनं फोनवर ऐकवलं की भारतातले इंजिनिअर जानेवारीत झुंडीनं येतात, त्यात तू दिसायचाच नाहीस. (त्याच्या पॅकेजवरची सवलतही सप्टेंबरअखेरपर्यंतच होती, ते असो.) बरीच कॉलेजं मात्र पहिल्या दोन फेऱ्यांत फार फरक नाही, अर्ज पक्का झाला की पाठवा, असंच सांगतात.

मला पहिल्या फेरीचा जो फायदा दिसतो तो कुठल्या वेबिनारमध्ये कुणी बोलत नाही. डिसेंबरात प्रवेश कळला तर ऑगस्टपर्यंत आठ महिने हातात राहतात. मार्चअखेर कळला तर जेमतेम चार, आणि त्यातच कर्ज, आय-20 (व्हिसासाठी कॉलेजकडून येणारा कागद), व्हिसाची अपॉइंटमेंट. पुण्यातल्या ज्या पोराच्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर फ्लॅट आहे, त्याला चार महिने पुरून उरतात. आमच्याकडं शेत आहे, आणि बँकेला या कर्जासाठी शेत तारण चालत नाही. मला वाटायचं मॅनेजर टाळतोय. पण त्यानं नीट समजावलं: थकीत कर्जाची मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्यानं मिळतो, आणि त्याच कायद्याच्या कलम 31 नं शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून केलेली तरतूद, चांगलीच आहे. फक्त शेतकऱ्याच्या पोराला साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर सातबारा घेऊन जाऊन उपयोग नाही. आणि तिकडचा दोन वर्षांचा खर्च कोटीच्या पुढं जातो.

उरतो औसा रोडचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट. तो अण्णा आणि काकांच्या सामाईक नावावर आहे.

दुपारी अण्णांपाशी विषय काढला. नुसते कागद काढून ठेवू म्हणालो, फेरफाराची नक्कल, एनएचा आदेश, वकिलाचा सर्च रिपोर्ट. अण्णांनी सुपारी कातरता कातरताच उत्तर दिलं, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. प्रवेशाचा पत्ता नाही अन् प्लॉट गहाण टाकायलास?" मग जरा वेळानं, "काकाला आत्ता कोणत्या तोंडानं विचारू? त्याच्या पोरीचं लग्न धरलंय." बरोबरच आहे त्यांचं. तुळशीचं लग्न होऊन ताईच्या लग्नाची तारीख निघेपर्यंत काकांच्या घरात प्लॉट हा शब्द कुणी काढू नये.

त्यात कालपासून एमबीएचे अर्ज करणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच विषय. अमेरिकेनं एच-1बीच्या, म्हणजे तिथं नोकरी करायच्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावले. आजच्या भावानं 88 लाख रुपये. सकाळी तिघांनी अमेरिका सोडल्याचं जाहीर केलं, रात्री त्यातल्याच एकानं निबंध तपासायला पाठवला. माझा हिशेब असा की आत्ता अर्ज केला तर मी बाहेर पडणार 2028 ला. त्यानंतर ओपीटीचं (शिकून झाल्यावर तिथं काम करायची परवानगी) एक वर्ष, कोर्स स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत, मोडत असेल तर आणखी दोन. हा आदेश आत्ता तरी बारा महिन्यांचाच आहे, पुढं वाढवला नाही तर संपतो. त्यावरून सप्टेंबर की जानेवारी हे ठरवता येत नाही. फार तर यादीत युरोप वाढवता येतो. इनसीॲडसारख्या ठिकाणी दहा महिन्यांचा कोर्स, वर्षातून दोनदा सुरू होतो, आणि एका वर्षाचा पगार वाचतो.

रविवार, 28 सप्टेंबर. वाळूज.

आठवडाभर पाऊस. मांजरा काठावरून गेली, इकडं जायकवाडीचे दरवाजे उघडलेत आणि पैठणला सखल भागातली माणसं हलवली. आमच्या सखल रानातलं सोयाबीन पाण्यात उभं आहे. यंदा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, पण तो माल हाती लागला तर. रोज फोनवर अण्णा आधी पाण्याचं सांगतात, मग विचारतात, "तुझ्या फॉर्मचं काय झालं?" मी विषय बदलतो.

परवा शिफारसपत्रासाठी सरांकडं गेलो. सर माझे थेट वरिष्ठ, त्यांचंच लागतं. म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यांना सांगितलं की सही कुठंच नाही, त्यांच्या कंपनीच्या ईमेलवर लिंक येते आणि उत्तरं त्यांनीच भरायची असतात. मोबाइलवर प्रश्न दाखवले. एक प्रश्न असा की या उमेदवाराला तुम्ही सुधारणेसाठी दिलेला सर्वांत महत्त्वाचा सल्ला कोणता, आणि त्यानं काय केलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा वाचलं. "म्हणजे तुला झापलेलं लिहायचं?" हो म्हणालो. "मग बसावं लागेल रे. झापलंय बरंच." ऑक्टोबरभर ऑडिट आहे, ते संपेपर्यंत सर बसणार नाहीत. आणि घाईत बसवलं तर "मेहनती आणि प्रामाणिक" यापलीकडं काही लिहिणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.

खरं तर तिथंच ठरलं. सरांच्या सवडीमुळं नाही, नंतर डेस्कवर येऊन माझाच निबंध वाचला त्यामुळं. कारखान्यातल्या नव्या उत्पादन लाइनची जबाबदारी माझ्याकडं आली जुलैत. निबंधात लिहिलंय की ही लाइन उभी करण्यासाठी माझी नेमणूक झाली. पुढं काय, तर काही नाही. ट्रायल लॉट चालू आहेत, प्रेसशेजारच्या बोर्डावर रिजेक्शनचे आकडे रोज लाल शाईनं लिहिले जातात आणि या आठवड्यातले तरी कुणाला दाखवण्यासारखे नाहीत. नियमित उत्पादन नोव्हेंबरात. डिसेंबरात त्याच वाक्यात मला लिहिता येईल की लाइन चालली, किंवा का अडली आणि आम्ही काय केलं. "एमबीए का आणि आत्ताच का" असं बहुतेक ठिकाणी विचारतात. आज माझ्याकडं त्यातल्या "आत्ताच का" ला एवढंच उत्तर आहे की मुदत जवळ आली.

आत्ता पाठवून नकार आला तर पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा उभं राहताना गेल्या वेळेपासून काय बदललं ते सांगावं लागतं. आणि थांबण्यानं माझं काही नासत नाही: जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर पाच वर्षं चालतो. (पुण्याला जाऊन दिलेली ती सव्वादोन तासांची परीक्षा पुन्हा द्यायची माझी अजिबात तयारी नाही, हेही एक कारण धरा.) आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दोनच वर्षं, पण तीही पुरतात.

म्हणून जानेवारी. त्या दोन ठिकाणच्या अजून उघड्या असलेल्या पहिल्या फेऱ्या सोडल्या. कन्सल्टंटला कळवलं, त्यानं अंगठा पाठवला.

मात्र ते चार महिने मला परवडणार नाहीत, तेव्हा कागद आत्तापासूनच काढणार, तुरी बाजारात असल्या तरी. नक्कल आणि एनएच्या आदेशाला काकांची सही लागत नाही, अर्ज मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत करीन. सर्च रिपोर्टसाठी वकील बघितलाय. टाटा एंडोमेंटचा अर्जही करायचा आहे. 1892 पासून उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतात, मिळालीच तर तेवढा बँकेचा आकडा खाली येईल.

काकांशी मात्र ताईचं लग्न पार पडल्यावरच बोलायचं, आणि ते अण्णांनी नाही, मी. लग्नात पंगतीला वाढायला उभा राहीन, मांडवाचा हिशेब सांभाळीन, तसाही तो माझ्याच गळ्यात पडणार आहे. नाही म्हणाले तर विनातारण कर्जाचं व्याज किती पडतं त्याची शीट वेगळी करून ठेवली आहे. आकडा वाईट आहे, पण अशक्य नाही.