समासातली स्टेशने

रविवार, रात्री दहा

आज आमच्या वाचनमंडळाची बैठक माझ्याकडे होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सात-आठ जण कुणा एकाच्या घरी जमतो. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक कादंबरी आणायची, तिच्यातले एक पान मोठ्याने वाचायचे आणि तेच पान का निवडले ते सांगायचे, एवढाच आमचा नियम आहे. चहाबरोबर काय असावे याविषयी नियम नाही, आणि त्यामुळे ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या घरी कोथिंबीरवडी असते त्या घरी उपस्थिती जरा अधिक असते. आज दुपारपासून पाऊस कोसळत असूनही एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. याचे श्रेय साहित्याला द्यावे की वडीला, याचा निर्णय मी केलेला नाही.

सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी केली. त्यांनी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणली होती. काकांची एक सवय आहे: पुस्तक वाचून संपले की पहिल्या कोऱ्या पानावर ते पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख लिहितात. त्या प्रतीवर पाच तारखा आहेत. पहिल्यांदा वाचली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, पुण्यात वसतिगृहात राहत होते, आणि पांडुरंग सांगवीकर म्हणजे आपणच, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चाळिशीत, मुलांच्या शाळेची फी भरता भरता, बापाचे पैसे उडवणाऱ्या त्याच पांडुरंगाचा त्यांना संताप आला. आता बहात्तराव्या वर्षी मात्र वडिलांविषयीचा मजकूर आला की आपण थांबतो, असे ते म्हणाले, आणि खरोखरच वाचताना एका ठिकाणी थांबून त्यांनी चष्मा पुसला. कादंबरी १९६३ पासून आहे तिथेच आहे. तारखा तेवढ्या वाढत गेल्या.

त्यांच्यानंतर आमच्या बाईंची पाळी होती. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे त्यांना सगळेच बाई म्हणतात, त्यांच्याहून मोठे काकासुद्धा. बाई कोणतीही कादंबरी हाती घेतली की आधी शेवटचे पान वाचतात. ही सवय मला मुळीच मान्य नाही आणि मी तसे अनेकदा स्पष्टपणे सांगितले आहे. आज त्यांनी मला गप्प केले. त्यांनी आणली होती शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’, आणि त्या म्हणाल्या, “कर्णाचे शेवटी काय होणार हे सबंध महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागते का? तरी १९६७ पासून लोक वाचताहेतच ना?” कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून तीच कथा सांगतात, तेव्हा काय घडले याहून ते कुणाच्या डोळ्यांना कसे दिसले, यातच सारी गोडी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता हे मी या वहीत मान्य करते. बाईंपुढे केले नाही.

कळव्याहून येणारी मुलगी आमच्यात वयाने सर्वांत लहान. ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत तिची नोकरी आहे आणि तिचे वाचन बहुतेक मोबाइलवर चालते. कधी वाचते, कधी नुसते ऐकते. तिने कविता महाजन यांच्या ‘ब्र’मधले पान वाचले. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत हिंडणाऱ्या स्त्रीची ती गोष्ट, आणि मुलीने ती इतक्या सपाट, आव न आणणाऱ्या आवाजात वाचली की नंतर थोडा वेळ कुणी वडीला हात लावला नाही. ऐकणे म्हणजे वाचणे का, यावर मग रीतसर वाद झाला. काकांचे मत नाही असे पडले. मला स्वतःला हा वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. हरदासांच्या तोंडून आख्याने ऐकत आलेल्या लोकांनी तो इतक्या हिरिरीने का घालावा, हेच समजत नाही.

माझी पाळी शेवटी आली. मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढली. पान वाचून झाल्यावर त्या मुलीने पुस्तक सहज हातात घेतले, चाळले आणि विचारले, “मावशी, हे ‘घ’ काय आहे? आणि इथे ‘तु’? हे ‘को’?”

समासात पेन्सिलीने काढलेली ती बारीक अक्षरे मी इतकी वर्षे पाहत आले, पण त्यांच्याविषयी कधी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. घणसोली, तुर्भे, कोपरखैरणे. वाचता वाचता गाडी कुठल्या स्टेशनात शिरली ती खूण, कारण तिथे जागेवरून उठायचे तरी असे किंवा कुणाला तरी जागा द्यायची असे, आणि पुस्तक मिटावे लागे. सगळे हसले. काका म्हणाले, “म्हणजे तुमची आवडती कादंबरी तुम्ही नव्हे, मध्य रेल्वेने निवडली.”

मीही हसले. पण आता दहा वाजून गेले, भांडी आवरून झाली, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मंगळवार, दुपार

काल आणि आज मिळून मी कपाटातली सगळी पुस्तके खाली काढली. धूळ झटकायची म्हणून, असे घरी सांगितले.

ज्यांच्या समासात ती अक्षरे आहेत, त्या सगळ्या कादंबऱ्या बारीक अंगाच्या निघाल्या. ‘बनगरवाडी’, पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ आणि आणखी चार-पाच. ज्या जाडजूड आहेत, त्यांची सुरुवातीची पन्नास-साठ पाने मऊ पडली आहेत आणि पुढची कोरी करकरीत आहेत. माझ्या आवडीविषयी लोकांशी बोलताना मी आजवर मोठ्या ऐटीत सांगत आले की मला नेमके, कमी शब्दांत सांगणारे लेखन भावते, पसरट लेखन सोसत नाही. ही माझी अभिरुची आहे असे मी समजत होते. ती पर्सचा कप्पा आणि गाडीचा वेळ यांनी मिळून घडवलेली होती, ही शक्यता मला कधी सुचली नाही.

माझी नोकरी वाशीला होती. सुरुवातीची काही वर्षे मी बसने जात असे, आणि बसमध्ये दोन ओळी वाचल्या तरी मला मळमळते. २००४ साली ठाणे-वाशी गाडी सुरू झाली आणि मला रोजचा जाऊन-येऊन तासभर मिळाला, जो घरातही माझा नव्हता आणि कचेरीतही नव्हता. तेव्हापासून गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत माझे बहुतेक सारे वाचन नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सुटणाऱ्या गाडीत झाले. उभ्याने वाचायचे तर एक हात कडीला आणि एका हातात पुस्तक. अंगठा मधल्या शिवणीत रुतवून पान उघडे धरायचे आणि ते उलटायला करंगळी वापरायची. सहाशे पानांचे पुस्तक असे धरता येत नाही. बसायला मिळाले तरी मांडीवर डबा, छत्री आणि कधी कधी शेजारणीचे मूलही असे.

‘सावित्री’ तर जणू याच मार्गासाठी लिहिलेली होती. सबंध कादंबरी एकीच्या पत्रांची. समोरच्याची उत्तरे कुठेच नाहीत, ती आपण मनात लिहायची. दिघा गाव हे स्थानक २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याआधी ठाणे सुटले की ऐरोलीपर्यंत गाडी कुठेही थांबत नसे, आणि तेवढ्या वेळात एक पत्र निवांत वाचून होई. मग रबाळे, घणसोली या जवळजवळच्या स्टेशनांवर चढ-उतार चालू झाली की पुस्तक मिटून त्या पत्राला काय उत्तर गेले असेल याचा विचार करीत उभे राहायचे. ही कादंबरी मी चार वेळा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी ती उत्तरे मला निराळी सुचली.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची माझ्या खुणांची प्रत माझ्याकडे आता नाही, म्हणजे जी आहे ती दुसरी. पहिली प्रत एका ओळखीच्या व्यक्तीने ‘दोन दिवसांत देते’ म्हणून नेली, त्याला अकरा वर्षे झाली. नवीन प्रत कितीही चांगली असली तरी तिच्यात माझी अक्षरे नाहीत. विशेषतः एक अक्षर मला हवे होते. १९३९ साली आलेली ही बेडेकरांची एकमेव कादंबरी. युरोप सोडून निघालेल्या बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू प्रवासी आहेत, त्यांच्यात हॅर्टा आहे, आणि मुंबईला उतरणारा चक्रधर आहे. बोट मुंबईला लागणार हे दोघांनाही ठाऊक असते, आणि त्या मोजक्या दिवसांतच जे व्हायचे ते होते. शेवटची पाने उरली होती तेव्हा सानपाडा गेले होते. वाशीला गाडी रिकामी झाली, मी उतरले, आणि कचेरीकडे न जाता फलाटावरच्या बाकावर बसून पुस्तक संपवले. समासात ‘वा’ लिहिले. त्या दिवशी मस्टरवर माझ्या नावापुढे लाल रेघ पडली आणि साहेबांनी कारण विचारले, तेव्हा गाडी उशिरा आली असे मी सांगितले. एकोणीस वर्षांत गाड्या अनेकदा उशिरा आल्या. त्या दिवशी मात्र ती अगदी वेळेवर होती.

गुरुवार, रात्र

काकांचे वाक्य खोटे ठरवायचे म्हणून सकाळी मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ साली ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही आमच्या ठाण्याची संस्था. मी तिची वर्गणीदार असूनही नोकरीच्या काळात तिथे जाणे म्हणजे शनिवारी घाईघाईने पुस्तक बदलणे एवढेच होते. आज पहिल्यांदा तासभर मांडण्यांमधून हिंडले आणि मुद्दाम जाड पुस्तक निवडले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’.

ही कादंबरी मी वाचलेली आहे असे मी कित्येकांना सांगितले आहे. खरे म्हणजे महाविद्यालयात असताना परीक्षेपुरती टिपणे वाचली होती.

दुपारी जेवणे आटोपल्यावर खिडकीजवळ बसले. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे, असे सगळे म्हणतात. पहिल्या अर्ध्या तासात इस्त्रीवाला आला, कुकरची आठवण झाली, मुलीचा फोन आला आणि त्यानंतर मी बसल्या जागी झोपले. उठले तेव्हा पुस्तक जमिनीवर होते आणि पान नववे. निवृत्तीनंतर जाड पुस्तके वाचायची असे ठरवणाऱ्या सर्वांना हा अनुभव येत असावा, पण कुणी बोलून दाखवत नाही.

रात्री पुन्हा उघडले आणि मग एक गोष्ट ध्यानात आली, जी मला टिपणांमधून पाठ होती पण कधी उमगली नव्हती. हरिभाऊंनी ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या आपल्या साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. म्हणजे ज्यांनी ती प्रथम वाचली, त्यांच्यापुढे हे जाड पुस्तक नव्हतेच. त्यांच्या हाती दर आठवड्याला थोडी थोडी यमू, म्हणजे कादंबरीची नायिका, येत होती. आज ती आणि तिची मैत्रीण दुर्गी खेळताहेत, मग पुढचा अंक येईपर्यंत आठवडाभर घरकाम; केव्हा तरी तिचे लग्न ठरते, की पुन्हा आठवडा. आपल्याच घरात वावरणारी एखादी यमू तो अंक चोरून वाचत असेल, याची कल्पना तेव्हाच्या किती घरांतल्या कर्त्या पुरुषांना असेल? शंकरमामंजींसारखा दुष्ट मनुष्य पुढच्या अंकात काय करील या धास्तीत आठ दिवस काढणे आणि एका दुपारीत तो मजकूर उरकणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाडी बांधणाऱ्याने आणली. लेखन तुकड्यांचेच होते आणि वाचणाऱ्याने मधे मधे थांबावे अशीच त्याची रचना होती.

मग माझे कुठे चुकले? खिडकीजवळच्या खुर्चीला स्टेशने नाहीत, एवढेच.

शनिवार, संध्याकाळ

हे मी घरी सांगितलेले नाही.

दुपारी भाजी आणते म्हणून बाहेर पडले आणि ठाणे स्टेशनात जाऊन वाशीचे परतीचे तिकीट काढले. एकोणीस वर्षे पास असल्यामुळे तिकिटाच्या रांगेत उभे राहायची सवय मोडली होती. दुपारची गाडी, बायकांचा डबा अर्धा रिकामा. खिडकी मिळाली, तीही वाऱ्याच्या बाजूची, जी नोकरीच्या काळात मला महिन्यातून एकदा मिळाली तरी मी स्वतःला भाग्यवान समजत असे. पर्समधून पुस्तक काढले. ग्रंथालयाचे पुस्तक असल्यामुळे समासात काही लिहिता येत नाही, म्हणून जुन्या दिनदर्शिकेचा एक कपटा कापून आत ठेवला आणि पेन्सील कानामागे खोचली.

गाडी हलली आणि मी वाचू लागले. ऐरोलीला यमू अजून माहेरी होती. घणसोलीपर्यंत सासरची माणसे कळू लागली. मधे एक गजरे विकणारी आली, एक टिकल्या-पिनांवाली आली, समोर दोघीजणी कुणाच्या तरी सुनेविषयी जे बोलत होत्या त्यातली काही वाक्ये हरिभाऊंच्या पात्रांच्या तोंडी सहज शोभली असती, आणि यांपैकी कशानेही माझे वाचन अडले नाही. घरी फोनच्या एका घंटेने तुटणारे लक्ष इथे एवढ्या गलबल्यात टिकून राहते, याचे कारण मला सांगता येणार नाही. कपट्यावर ‘ऐ’, ‘घ’, ‘तु’ अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे पानांचे आकडे लिहीत गेले. तुर्भ्याला चौतिसावे पान होते.

वाशीला डबा रिकामा झाला. मी उतरलेच नाही. तीच गाडी परत ठाण्याला निघणार होती. परतीची गर्दी चढू लागली. हातात दोन पिशव्या घेतलेली एक बाई घाईने आत आली, तिने एकवार सगळ्या बाकांवर नजर फिरवली आणि मी आधीपासून बसलेली पाहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या प्रश्नाची मला इतकी सवय आहे की तिने तोंड उघडण्याआधीच मी पुस्तकातून मान वर केली.

“काकू, तुम्ही कुठे उतरणार?”

“ठाण्याला,” मी म्हणाले. ती बिचारी दुसऱ्या बाकाकडे वळली, आणि मी पेन्सील काढून कपट्यावर ‘वा, ४१’ असे लिहिले.